छप्पर बुटके, इंजिन उघडे
हॉट रॉड ही दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी 1930च्या दशकापासून स्वस्तातल्या जुन्या फोर्ड मोटारींतून घडवलेली गाडी. मडगार्ड, बंपर, वेगाच्या आड येईल ते काढायचे आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यावर गाडी पिटाळायची, हा खाक्या. 1932च्या फोर्डने सामान्यांच्या खिशाला परवडणारे व्ही-8 इंजिन आणले. मूळ ताकद अवघी 65 अश्वशक्ती, पण दोन-तीन स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटर चढवले की त्याचा नूरच पालटे. कस्टम गाडीचे गणित निराळे, तिथे वेगापेक्षा रूप मोठे. छपराचे खांब कापून काही इंच कमी करायचे, पुन्हा जोडायचे, सांधे वितळलेल्या शिशाने भरून कानशीने असे घासायचे की जोड बोटालाही लागू नये. कापणे सोपेच, पण खांब तिरके असल्याने खाली आलेल्या छपराची टोके जुळत नाहीत, आणि 1949 ते 51च्या मर्क्युरी मोटारीचे गोलाईदार छप्पर जुळवताना खरा कस लागतो. आजचे परंपरावादी शौकीन साधारण 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतचेच सुटे भाग आणि तंत्र मानतात. हे सोवळे कधी कधी अतीच होते. त्यांच्या मेळाव्यात बॉनेट बहुधा उघडे असते किंवा नसतेच, आणि अमुक कार्ब्युरेटर कोणत्या भंगारात सापडला हे मालक रंगवून सांगतो. कॅटलॉगमधून मागवलेल्या नव्याकोऱ्या फायबरग्लास बॉडीचे तिथे फारसे कौतुक होत नाही.