त्याचे 21 चेहरे, तिची उडालेली झोप

‘रूप काय, दोन दिवसांचं! माणसाचं मन बघावं,’ हे वाक्य आयुष्यात ऐकलंच नाही अशी बाई आपल्याकडे शोधून सापडायची नाही. गंमत अशी, की ते बहुतेक वेळा मुलीलाच ऐकवलं जातं. तेही समोरच्या स्थळाला टक्कल पडलेलं असतं किंवा पोट सुटलेलं असतं तेव्हा. मुलगी सावळी असली की तेच काका, तीच आत्या मनाचा विषय काढत नाहीत. तेव्हा हळद-दुधाची साय निघते.

हे आठवायचं कारण एक कोरियन सिनेमा. नाव ‘द ब्यूटी इनसाइड’, 2015 सालचा, दिग्दर्शक बेक जोंग-योल. कोरियन मालिकांचं वेड आता आपल्या गावांतल्या मुलींनाही लागलंय. त्यांच्या आया लांबूनच म्हणतात, ‘अगं, ही सगळी तोंडं सारखीच दिसतात, तुला कळतं तरी कसं कोण कोण ते?’ अशा प्रत्येक आईला हा सिनेमा हाताला धरून बसवून दाखवावा. कारण त्यात नेमकं तेच करायचंय. एकच माणूस, पण चेहरे अनेक, आणि ओळखायचं त्यातल्या एकालाच.

गोष्ट अशी. वू-जिन नावाचा तरुण. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्याचं एक विचित्र होऊन बसलंय. रात्री झोपला, की सकाळी तो वेगळ्याच शरीरात उठतो. कधी देखणा तरुण, कधी टकला काका, कधी बाई, कधी म्हातारा, कधी लहान पोर. एकदा तर जपानी बाई होऊन उठतो आणि तोंडातून जपानीच यायला लागतं. मन मात्र तेच. आठवणी त्याच. मनाने तो वू-जिनच. म्हणून तो घरात बसून फर्निचर बनवतो. बाहेरचे व्यवहार सांगबेक नावाचा मित्र बघतो. घरात सगळ्या मापांचे कपडे आणि बूट ठेवलेले, कारण उद्या पाऊल केवढं असेल याचा नेम नाही. हा कपाटाचा भाग मला फार आवडला. जादूच्या गोष्टीत सहसा असले हिशेब कुणी ठेवत नाही. इथे ठेवलेत.

फर्निचरच्या दुकानात काम करणारी यी-सू त्याला आवडते. हान ह्यो-जू या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. आणि वू-जिनची? सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याच्यासाठी मुख्य म्हणून 21 नटनट्यांची नावं आहेत! ओझरती दिसणारी माणसं तर कितीतरी आणखी.

आता इथे माझं पहिलं भांडण. मनावरच्या प्रेमाची ही गोष्ट, पण वू-जिन यी-सूला भेटायला जातो कधी? आरशात देखणा चेहरा दिसतो त्या सकाळी. मग तो चेहरा टिकवायला पठ्ठ्या तीन दिवस झोपतच नाही. झोपला की गेलं सगळं. तिसऱ्या दिवशी मेट्रोत डुलकी लागते आणि जाग येते तेव्हा डोक्यावर केस नसलेला प्रौढ माणूस होऊन बसलेला असतो. ती बिचारी वाट बघत राहते. पुढे तो एका तरुणीच्या रूपात तिला खरं काय ते सांगतो. ती घाबरून पळते. पळणारच, कोण नाही पळणार? नंतर स्वतःहून परत येते, एक रात्र त्याच्याजवळ राहते आणि सकाळी डोळ्यांनी बघते तेव्हा विश्वास बसतो.

दिग्दर्शकाची लबाडी सांगायला हवी. प्रेमाचे नाजूक प्रसंग आले, की वू-जिन नेमका कोरियातल्या एखाद्या हिरोसारखा दिसतो आणि विनोदाचे प्रसंग आले, की जाडा, टकला किंवा म्हातारा. म्हणजे ‘रूपापलीकडे’ म्हणता म्हणता कॅमेरा रूपालाच शरण. बघणाऱ्याचं तिकीट वसूल व्हायला पाहिजे, हे कळतं. तरी खटकलं ते खटकलंच.

पण मध्यंतरानंतर म्हणावं असा एक भाग येतो आणि त्यासाठी हे सगळे गुन्हे माफ. तोवर सिनेमा त्याचा असतो, तिथून तो तिचा होतो. आता यी-सूला रोज सकाळी नव्या माणसावर प्रेम करायचंय. गर्दीत भेटायचं ठरलं तर ती कुणाकडे बघणार? येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत उभी राहते. कुणीतरी येऊन हात धरतो, तेव्हा कळतं, हा तो. तिने स्वतःहून त्याला शोधणं शक्यच नाही. दुकानातले सहकारी तिला आज एकाबरोबर, उद्या दुसऱ्याबरोबर बघतात आणि कुजबुज सुरू होते. तो चारचौघांत सांगू शकत नाही, तिलाही सांगता येत नाही. घरी वडील, बहीण. त्यांना काय सांगणार, हे कोण म्हणून? तिची झोप उडते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन ती गोळ्या सुरू करते, त्याच्यापासून लपवून.

चेहरा बदलतो त्याचा आणि औषधं घेते ती. हे मांडायचं धाडस त्या सिनेमाने केलंय, म्हणून मी त्याच्याबद्दल लिहितेय. नाहीतर ‘खरं प्रेम सगळं सहन करतं’ म्हणून गाणं लावून मोकळं होता आलं असतं. आपल्याकडे अपघाताने, आजाराने, व्यसनाने नवरा पार बदलून गेलेल्या कितीतरी बायका असतात. माणूस तोच, पण तो नाहीच. त्यांचं लोक कौतुक करतात, ‘किती करते हो नवऱ्याचं!’ तिला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

एका बाबतीत यी-सू नशीबवान. तिचं दुखणं वू-जिनला कळतं, आणि कळल्यावर तो ‘तुझं माझ्यावर प्रेमच नाही’ असं म्हणत नाही. तो तिला सोडून जातो. त्या निरोपाच्या प्रसंगात वू-जिन झालाय किम जू-ह्युक. हा गुणी नट 2017 मध्ये मोटार अपघातात गेला. ते माहीत असलं की तो प्रसंग आणखी जड जातो. आता सोडून जाणं हा उपाय की पळवाट, यावर घरोघरी वाद होतील. मला विचाराल तर, तिला न विचारता तिच्या भल्याचा निर्णय घेणं ही पुरुषांची जुनीच खोड. शेवटी ती स्वतः शोधत शोधत थेट चेक प्रजासत्ताकात जाते आणि त्याच्या दारात उभी राहते. हा निर्णय तिचा असतो, म्हणून तो शेवट मला पटला.

हा सिनेमा कोरियात व्हावा यात नवल नाही. दक्षिण कोरियात पापणीला घडी पाडून घ्यायची शस्त्रक्रिया आपल्याकडच्या कान टोचण्याइतकी नाही, पण खूपच सर्रास होते. नोकरीच्या अर्जाला फोटो चिकटवायची तिथे जुनी रीत. 2017 मध्ये तिथल्या सरकारने सरकारी भरतीत अर्जावरचे असले तपशील काढून टाकायला लावले. 2019 मध्ये कायदा बदलून नोकरी देणाऱ्यांना उमेदवाराची उंची, वजन, लग्न झालंय का, हे विचारायला बंदी घातली, अर्थात फार लहान कंपन्या सोडून. आणि 2018 च्या सुमारास तिथल्या तरुण मुलींनी मेकअपचं सामान मोडून-फोडून फोटो टाकले, केस बारीक कापले. ‘कॉर्सेट फेकून द्या’ असं त्या चळवळीचं म्हणणं होतं. कॉर्सेट म्हणजे पूर्वी युरोपातल्या बायका कंबर आवळायला घालत तो पट्टा. तेव्हा रूपाचा जाच म्हणजे काय ते त्या देशाला कुणी शिकवायला नको.

मूळ कल्पना मात्र अमेरिकेतली. 2012 मध्ये इंटेल आणि तोशिबा या कंपन्यांनी आपल्या लॅपटॉपच्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर एक छोटी मालिका केली होती, त्यावरून हा सिनेमा आला. आतलं सौंदर्य म्हणजे मुळात संगणकाच्या आतली चिप! हसू येतं खरं.

माझ्या मनात सिनेमाभर एक प्रश्न होता. रोज चेहरा बदलणारी बाई असती तर? तो टिकला असता? उत्तर कोरियावाल्यांनीच 2018 मध्ये दिलं. याच नावाची टीव्ही मालिका काढली, तीत चेहरा बदलतो नायिकेचा. ती सिनेनटी असते, आणि दर महिन्याला आठवडाभर दुसऱ्याच कुणाच्या तरी रूपात असते. आणि नायक? त्याला चेहरे ओळखूच येत नाहीत असा आजार दिलाय!

बघा म्हणजे. पुरुषाचा चेहरा बदलला तर डोळसपणे सगळं बघून, गोळ्या खाऊन बाईने प्रेम करायचं. बाईचा चेहरा बदलला तर पुरुषाला चेहराच दिसत नाही अशी सोय लेखकाला करावी लागली. मालिका गोड आहे, मी शेवटपर्यंत बघितली, खोटं कशाला बोलू. पण लिहिणाऱ्यालाही डोळस पुरुषाची खात्री वाटली नसावी, असं मला राहून राहून वाटलं.

सिनेमात आणखी एक बाई आहे, जिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. वू-जिनची आई. मुलगा रोज नवा दिसतो, तरी तिच्यासाठी तो तिचा मुलगाच. आणि मग कधीतरी ती त्याला सांगते, की त्याच्या वडिलांनाही हेच होतं. म्हणजे यी-सूला जे जड गेलं, ते त्या बाईने आधी संसारात केलं आणि मग मुलाचंही केलं. तिला त्यासाठी कुणी सिनेमा दिला नाही, दोन-चार प्रसंग दिले. मून सूक या जुन्या अभिनेत्रीने ते असे केलेत, की मी ते मागे नेऊन पुन्हा पाहिले. भाची म्हणाली, ‘मावशी, गोष्ट पुढे आहे, तू मागे काय जातेस?’