काळ्या दगडाचा नाद खुळा!

कॅन्यनचे फोटो काढायला ॲरिझोनाच कशाला? शनिवारी कोल्हापुरातून निघा, शिरूरला मुक्काम टाका आणि रविवारी भल्या सकाळी अहिल्यानगर जिल्ह्यातलं निघोज गाठा. कुकडीच्या पात्रात, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी बेसॉल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे! उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते मस्त दिसतात. दुपारी डोक्यावरच्या उन्हात खळग्यांची खोली हरवते, सकाळच्या तिरक्या उन्हात सावल्याच ती दाखवतात. काळा दगड समोर आला की ऑटोवरचा कॅमेरा फोटो उगाच उजळवतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा. आकार कळायला फ्रेममध्ये माणूस हवाच, पण काठापासून लांब. खडक गुळगुळीत, डोह खोल. एका फोटोसाठी जिवाशी खेळ? छे, बॉस!