हाताची घडी, तोंडावर बोट

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. तिच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांच्या डायरीत बाईंचा शेरा आलाय, "तास चालू असताना वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढत बसतो. लक्ष नसतं." भाची म्हणाली, "मावशी, तू एवढी वर्षं शिकवलंस, तूच समजाव त्याला." मी "बघते" म्हटलं. आता गंमत अशी की फोन स्पीकरवर होता, मांडीवर गोधडी होती आणि तिचं सगळं बोलणं ऐकताना माझा हात धावदोरा घालतच होता!

तेव्हा जे सांगायचं ते इथेच लिहिते. ती हा ब्लॉग वाचते, निदान वाचते असं म्हणते. :)

माझ्या गोधडीपुराणाला नेहमीचे वाचक सरावलेत. डोळ्यांमुळे हल्ली सलग वाचन होत नाही. धावदोऱ्याला मात्र डोळे फारसे लागत नाहीत, बोटांना टाक्याचं अंतर कळतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मुलाने फोनवर पॉडकास्ट लावून दिले आणि दुपारचे माझे दोन तास तिकडे गेले ते गेलेच. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ सालचा, बेन हॅमर्सली नावाच्या पत्रकाराने 'गार्डियन'मध्ये पहिल्यांदा वापरलेला. प्रकार मात्र मला अजिबात नवा वाटला नाही. लहानपणी आमच्या गावच्या देवळात चातुर्मासात पोथी लागायची. बुवा वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि समोर बसलेल्या बायका मांडीवर कापूस घेऊन वाती वळायच्या. त्यांचं पोथीकडे लक्ष नाही असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. उलट बुवांनी कथेतला एखादा दुवा गाळला की वाती वळणाऱ्यांतलीच कुणीतरी टोकायची. क्यूबात सिगारच्या कारखान्यांतही १८६५ पासून कामगारांना वर्तमानपत्रं नि कादंबऱ्या वाचून दाखवायची पद्धत पडली. वाचणाऱ्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून द्यायचे. हात विड्या वळतायत आणि कान कादंबरीत!

तर माझी आवड. पहिला नंबर 'अ हिस्ट्री ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स'चा. बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियमने २०१० साली केलेली ही मालिका. म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर एकेक वस्तू घेतात आणि साधारण पंधरा मिनिटांत तिच्यावरून जगाचा इतिहास सांगतात. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कानावर पडायला उशीर झाला. पण हा माणूस सावकाश, स्पष्ट बोलतो. नाही कळलं तर भाग पुन्हा लावायचा, गोधडी काही पळून जात नाही. सिंधू संस्कृतीची मुद्रा, अशोकाच्या स्तंभाचा तुकडा, कुमारगुप्ताची सोन्याची नाणी... गुप्तकाळ म्हणजे सुवर्णयुग, हे वाक्य मी फळ्यावर किती वर्षं लिहिलं असेन! पण नाण्यावरच्या घोड्यापाशी पंधरा मिनिटं थांबावं, हे मला कधी सुचलं नाही. पोर्शन पुरा करायचा असे ना.

दुसरा 'इन अवर टाइम', १९९८ पासूनचा. मेल्विन ब्रॅग यांनी तो २०२५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तावीस वर्षं चालवला. तीन प्राध्यापक समोर बसवून ते प्रश्न विचारत आणि कुणी पाल्हाळ लावला की सरळ तोडत. आमच्या स्टाफरूमला असा माणूस हवा होता. यातलं मला निम्मंच कळतं, पण ते निम्मं पुष्कळ असतं. मराठीत ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं 'अमुक तमुक' ऐकते. तज्ज्ञाला बोलावून गप्पा मारतात, ओसरीवर बसल्यासारख्या. मनाच्या आजारांविषयी एवढं सरळ मराठी आमच्या पिढीच्या कानावर कधी पडलं नाही. आणि शंकर वेदांतम यांचं 'हिडन ब्रेन'. तिथे ज्याने अभ्यास केला त्यालाच बोलावून विचारतात, म्हणून विश्वास बसतो.

बाकी स्वतःला सुधारण्याचे जे ढीगभर पॉडकास्ट आहेत, त्यांच्याविषयी माझं मत फारसं बरं नाही. यशस्वी माणसांच्या दहा सवयी, पहाटे पाचला उठा, एकेक मिनिट सत्कारणी लावा. मी साडेचारलाच उठते, वयामुळे. त्याने काही यशबिश आलेलं नाही! शिवाय ही मंडळी सारखी 'तुम्ही, तुम्ही' करतात. दुपारी निवांत बसलेल्या बाईच्या अंगावर बोट रोखल्यासारखं वाटतं. तरी त्यांचा एक उपयोग सापडलाय. चुकलेले टाके उसवताना ते लावायचे. मन:स्थिती जुळते.

कुठल्या कामाला काय लावायचं हेही अनुभवाने ठरत गेलं. क्रोशाचं अननस डिझाइन असेल तर काहीच नाही, फार तर जुनी गाणी. मनात खांब मोजणं आणि कुमारगुप्त, दोन्ही एकदम चालत नाही. एकदा रुमालाचे सहा गोल उसवल्यावर हे कळलं. गोधडीला मात्र काहीही चालतं. आणखी एक, मी इयरफोन लावत नाही. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनाही ऐकू जातं. इंग्रजी लागलं की त्या "काय म्हणतोय तो?" विचारतात, मग मला थांबवून सांगावं लागतं. सांगताना कळतं की मलाच किती कळलंय!

आता भाचीच्या मुद्द्यावर येते.

अशाच एका इंग्रजी पॉडकास्टमध्ये जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग ऐकला, २००९-१० सालचा. चाळीस माणसांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला, अडीच मिनिटांचा. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरायला सांगितले, निम्मे नुसते ऐकत बसले. नंतर अचानक विचारलं, काय काय आठवतंय? आकार भरणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हात गुंतलेला असल्याने मन दिवास्वप्नांत गेलं नसावं, असा बाईंचा अंदाज. प्रयोग लहान होता, निरोप मुद्दाम कंटाळवाणा होता, त्यावरून वाटेल ते सिद्ध होत नाही. पण त्या दुपारी मी सुई खाली ठेवली.

कारण मला आठवीच्या वर्गातली एक मुलगी आठवली. खिडकीशेजारचा बाक. माझ्या इतिहासाच्या तासाला ती बाकाखाली क्रोशाची लेस करायची, साधी, एकेरी, न मोजता होणारी. मी एकदा पकडली. सगळ्या वर्गासमोर उभी केली, आणि आठवीतल्या मुलीला बालवाडीतल्यासारखं म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" वर्ग हसला. मी काय शिकवत होते ते तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिने पुरंदरचा तह कलमांसकट सांगितला असता, कदाचित नसता. मला ते कधीच कळणार नाही. सुई मी जप्त करून टेबलाच्या खणात टाकली. वर्षअखेरीला खण आवरताना सापडली तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती.

ती सुई माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बारीक कामाला मी तीच वापरते, तिच्याइतकी चांगली दुसरी माझ्याकडे नाही.

तेव्हा बाळे, मी तुझ्या मुलाला काही समजावणार नाही. तू बाईंना भेट आणि नम्रपणे एवढंच म्हण की चित्र काढत असताना त्याला प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं तर पेन्सिल राहू द्यावी. नाही आलं तर काढून घ्या, माझी हरकत नाही. गणिताच्या तासाला मात्र मीसुद्धा काढून घेईन, अननस आठवतोय मला.

आणि वाचकहो, मराठीत संथ आवाजात, पंधरा-वीस मिनिटांत एकच वस्तू धरून इतिहास सांगणारं कुणी असेल तर जरूर कळवा. सुरुवातीला ढोलताशे नकोत. गोधडी अजून अर्धी व्हायची आहे.