मोकळ्या दुपारचा हिशेब

लंडनहून परत आल्यावर मी संस्थेला प्रवासाचा हिशेब दिला. बसची तिकिटं, जेवणाच्या पावत्या, सगळं तारखेवार. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "प्रशिक्षण शुक्रवारी संपलं, विमान शनिवारी रात्रीचं. मग शनिवारी काय केलंस?" त्या दिवसाचा एक पैसाही मी मागितला नव्हता. तरी माझ्या तोंडून निघालं, "सोडून दिलेल्या मुलांच्या एका जुन्या आश्रमाचं संग्रहालय पाहिलं." ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्या दिवसात मी सुया घेत हिंडत होते, हे मी गिळून टाकलं.

मैत्रिणींनो, त्या गिळण्याविषयी लिहायचं आहे.

मी गोधड्या शिवते. आजीकडून शिकले. आमच्या भांडगावात हा काही छंद मानला जात नाही. थंडीच्या आधी करायचं ते एक काम, एवढंच. पण मला धावदोऱ्याचा नाद आहे. दिवसभर मारझोडीच्या, टाकून दिल्याच्या, पोटगीच्या गोष्टी ऐकल्यावर रात्री दहा मिनिटं टाके घातले की डोकं जागेवर येतं. निराधार बायकांच्या निवाऱ्यांविषयीच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी लंडनला निवड झाली, तेव्हा घरच्यांची यादी तयार झाली. सासूबाईंना गुडघ्याचं मलम, जाऊबाईंना अत्तर, पोरांना चॉकलेटं. माझं त्या यादीत काही नव्हतं. मीच घातलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम रात्री दहापर्यंत उघडं होतं. कायमच्या दालनांना तिकीट नाही. वर्ग सुटल्यावर एकटी गेले आणि नऊ वाजता एकटीच भुयारी रेल्वेनं परतले. यवतच्या फाट्यावर सात वाजता उतरले तरी घरून तीन फोन येतात. त्या रात्री मला कुणी शोधत नव्हतं. काय पाहिलं त्यापेक्षा हेच जास्त लक्षात आहे.

शनिवारी सकाळी ब्रन्सविक स्क्वेअरजवळचं फाउंडलिंग म्युझियम पाहिलं. 1739 मध्ये टॉमस कोरम यांनी हा आश्रम स्थापन केला. 1741 पासून तिथं मुलं घेऊ लागले. परिस्थितीपुढं हात टेकलेली आई बाळ ठेवून जायची. पुढे कधी परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून काहीतरी खूण मागं राहायची. नाणं, अंगठी, शिवणाचं टोपण. कुणाचं तर नुसतं फळाचं टरफल. आणि कापड. बाळाच्या अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचून ठेवत. असे सुमारे 5 हजार तुकडे लंडनच्या दप्तरखान्यात आजही आहेत. गरीब बायका अठराव्या शतकात काय नेसत-घालत, हे सांगणारा इतका मोठा साठा त्या देशात दुसरा नाही. 1741 ते 1760 या काळात 16 हजारांवर मुलं आली. आयांनी परत नेली ती 152.

एका तुकड्याचं छायाचित्र मी पुस्तकात कितीतरी वेळ पाहत बसले. 1767 मध्ये सेरा बेंडर नावाच्या आईनं आपला मुलगा ठेवताना ठिगळाठिगळांची एक पट्टी मधोमध कापून अर्धी दिली. तिच्यावर भरतकामानं काढलेलं बदामही अर्धं कापलेलं. अर्धी पट्टी तिनं जवळ ठेवली. 1775 मध्ये ती परत आली आणि मुलाला घेऊन गेली. ठिगळं जोडणारीला ते पाहून काय वाटतं, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

नंतर बर्विक स्ट्रीटवर गेले. कापडाच्या दुकानांची गल्ली. गोधडीसाठीच्या आखूड, बारीक सुयांचं एक पाकीट, दोन रिळं आणि एक छोटी कात्री घेतली. (कात्री मोठ्या बॅगेत टाकायची, हातातल्या पिशवीत विमानतळावर अडवतात. हे ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी.)

आता गंमत बघा. म्युझियमची गोष्ट मी बैठकांत सांगते तेव्हा सगळ्या म्हणतात, "चला, कामाला आलं." आलंही. निवाऱ्यात बाई दाखल होते तेव्हा तिच्याजवळच्या वस्तूंची नोंद आम्ही आता नीट करतो, तिचं फडकंसुद्धा टाकून देत नाही. पण माझा आक्षेप त्या "कामाला आलं"वरच आहे. सुया कुणाच्याच कामाला आल्या नाहीत. त्या माझ्या आहेत. बाईचा एखादा तास कुणाच्या तरी उपयोगी पडला तरच तो माफ, हा घरातला नियम आपण संस्थेतही जसाच्या तसा आणून ठेवलाय. पुरुष सहकारी परिषदेला जोडून एक दिवस राहतात, परत येऊन फोटो दाखवतात. त्यांना कुणी शनिवार विचारत नाही.

आमच्या शेजारच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती आहे. 1886 मध्ये त्या इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. शारदा सदनासाठी निधी जमवला, व्याख्यानं दिली, फिलाडेल्फियात बालवाडीचं शिक्षण घेतलं. आणि डोळे उघडे ठेवून हिंडल्या. 1889 च्या त्यांच्या प्रवासवृत्तात तिथली घरं, शाळा, व्यापार-उद्योग, बायकांची स्थिती सगळं आलंय. यातलं काम कुठं संपलं आणि बघणं कुठं सुरू झालं, ते कुणी वेगळं काढून दाखवावं.

"हे इंग्रजी येणाऱ्या, एमएसडब्ल्यू झालेल्या बायकांचे चोचले," असं एक कार्यकर्ती मला तोंडावर म्हणाली. वीस वर्षं गावोगाव फिरतेय ती, पुण्यापलीकडं तिला कुणी पाठवलेलं नाही. तिचं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्यावरच येतं. यावर उपाय म्हणून मीही शनिवारी खोलीत बसून राहावं, असं मात्र मला वाटत नाही. आधी पाठवताना पाळी लावा, दुभाषी द्या. मग जी जाईल तिच्या कार्यक्रमपत्रिकेतच अर्धा दिवस मोकळा लिहा. खर्च जिचा तिनं करावा, सत्र बुडवू नये, देणगीचा पैसा वेगळा ठेवावा. एवढे नियम पुरेत. ती कुठं गेली होती, हे विचारू नका.

गेल्या वर्षी पुण्यातल्या दोन दिवसांच्या शिबिरात आम्ही हे करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी 2 ते 6, मोकळा वेळ. पत्रिका वाचून एकीनं विचारलं, "ताई, मोकळा म्हंजी काय करायचं?" मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा." चौघी केळकर संग्रहालयात गेल्या. तिथल्या अडकित्त्यांपुढं आणि वज्रींपुढं उभ्या राहून माझ्या आज्जीची मोठी का तुझ्या, म्हणून भांडल्या. एक तुळशीबागेतून क्रोशाची सुई घेऊन आली, नवऱ्याला किंमत सांगायची नाही असं सगळ्यांना बजावून. दोघी जणी पंख्याखाली चार तास झोपल्या.

अहवालात आम्ही त्या वेळेपुढं काहीच लिहिलं नाही.