डोक्यावरची रेघ



गेल्या गणपतीत आमच्या वडोदऱ्याच्या घरी आराशीजवळ सरकत्या अक्षरांची एलईडी पाटी लावायची ठरली. मजकूर साधा: ‘आरती रात्री ८ वाजता’. आर्डुइनो उनो आणि ८×८ ठिपक्यांचे चार मॅट्रिक्स घरात पडूनच होते. ‘एका संध्याकाळचं काम’, असं मी पाचवीतल्या भाच्याला सांगून बसलो.

इंग्रजी अक्षरं लगेच धावली. मराठी मजकूर टाकला, तर भलत्याच खुणा! लायब्ररीतला फॉण्ट इंग्रजीचा. शिवाय युनिकोडमध्ये आपला ‘त्री’ म्हणजे त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे चार संकेत, १२ बाइट. मोबाइल ते जोडून एक अक्षर दाखवतो. उनोला ते जमत नाही.

मग अख्ख्या ओळीचं चित्रच काढायचं ठरवलं. भाच्याने चौकटीची वही घेतली. त्याची शाळा गुजराती, त्यामुळे त्याने शिरोरेषा काढलीच नाही. “मामा, एक ओळ वाचते ना!” खरंच वाचत होती. आठ ओळींत वेलांटी, रेघ आणि अक्षर बसवणं कठीणच. मीही ‘चालेल’ म्हणून गेलो.

आईने चष्मा लावून पाहिलं. “अरे, डोक्यावरची रेघ कुठे गेली? हे अर्धं गुजराती झालं की!”

दुसऱ्या दिवशी आणखी चार मॅट्रिक्स आणले आणि दोन मजले केले: १६ ओळी, ३२ स्तंभ. आता रेघ ऐटीत बसली. चित्र १२० स्तंभांचं झालं. एका स्तंभात १६ ठिपके, म्हणजे २ बाइट. एकूण २४० बाइट. उनोच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये ते कुठल्या कुठे मावतात. अक्षरं सरकतात कशी? दर ५० मिलिसेकंदांनी चित्राचा पुढचा स्तंभ धरून ३२ स्तंभ पुन्हा दाखवायचे, बस्स. एक सांगतो: ५१२ दिव्यांना उनोमधून वीज पुरत नाही. ५ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लावा, ग्राउंड मात्र एकत्र जोडा.

‘त्री’मधला र तिरकी रेघ होऊन त ला कसा चिकटतो, हे भाच्याने ठिपके मोजत शिकलं. गणपतीचे पाचही दिवस आल्यागेल्याला पाटी तोच वाचून दाखवत होता.

या सुट्टीत मुलांना चौकटीची वही द्या. आपलं आडनाव १६ ओळींत काढायला सांगा. रेघेसकट!