देव मागणारी पोरं

मास कॉम किंवा एमबीए केलेल्या प्रत्येकाला हा प्रोजेक्ट आठवत असेल. चार-पाच जणांची टीम, गावातली एखादी संस्था आणि तिच्यासाठी एक कॅम्पेन. पोस्टर, जिंगल, झक्कास टॅगलाइन, शेवटी प्रेझेंटेशन. मार्क पडतात, टीम मिसळ खायला जाते आणि ती पोस्टरं पुढे कुठे गेली हे कुणी विचारत नाही.

नाशिकच्या पोरांनी मात्र मार्कांशिवाय चालवलेलं एक कॅम्पेन दशकाहून जास्त काळ टिकलंय. क्लायंट? गोदावरी. म्हणजे आपली 'गंगा', कारण अस्सल नाशिककर गोदावरीवर कधी जात नाही, तो गंगेवरच जातो! विसर्जनाच्या दिवशी चोपडा लॉन्सजवळ नदीकाठी 'विद्यार्थी कृती समिती'ची मुलं-मुली उभी असतात आणि येणाऱ्या कुटुंबांकडे चक्क गणपती मागतात. टॅगलाइन चारच शब्दांची : 'देव द्या, देवपण घ्या'.

बॉस, भल्याभल्या एजन्सीला सुचणार नाही अशी कॉपी आहे ही. का, ते सांगते. याआधी अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही विसर्जित मूर्ती दान करा, असं आवाहन केलं होतं. हेतू तोच, पण 'दान' शब्दावरच वाद पेटला. देवाचं दान कसं करायचं, असा सवाल विरोधकांनी केला. पोरांनी तो शब्दच बाजूला ठेवला. तुम्ही द्या आणि घ्यासुद्धा. साधी देवाणघेवाण. समोरच्याला पापी ठरवलं नाही, प्रदूषणावर लेक्चर दिलं नाही. शिवाय उत्तरपूजा झाली की मूर्तीतलं देवत्व गेलं, असं आपल्या आजीलाही मान्य असतं. मग ते गेलं कुठे? टॅगलाइन म्हणते, तुमच्याकडे!

दुसरा फंडा जागेचा. कॉलेज रोडवर होर्डिंग लावलं असतं तर सिग्नल सुटेपर्यंत लोकांनी वाचलं असतं, बस. इथे ऐन निर्णयाच्या क्षणी समोर कुणीतरी उभं असतं. शेवटची आरती झालेली, बाबांच्या हातात पाट, धाकट्याचे डोळे भरलेले. त्या क्षणी एक अनोळखी कॉलेजची मुलगी हात जोडून म्हणते, 'काका, बाप्पा आमच्याकडे द्या ना.' नकार द्यायचाय? द्या. काही जण देतातच. पण मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती पाण्यात सहज विरघळत नाही, हे काकांनाही ठाऊक असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीओपीच्या मूर्तींना बंदीच सांगितली. कागदावरचा नियम आणि काकांच्या हातातला पाट यांच्यामधलं अंतर ही मुलं भरून काढतात.

पण खरी परीक्षा पुढे आहे. मूर्ती दिली, मग ती जाते कुठे? गोळा झालेल्या मूर्ती महापालिकेच्या ताब्यात जातात. तिथून पुढचं देणाऱ्याला दिसत नाही. टेम्पोत आडव्या पडलेल्या मूर्तींचा एक फोटो मोबाइलवर फिरला की पोरांनी कमावलेला विश्वास एका संध्याकाळी साफ. ब्रँडचं प्रॉमिस ते देणार आणि ते पाळायचं दुसऱ्याच कुणीतरी, हा प्रॉब्लेम तुमच्या-माझ्या ऑफिसमध्येही रोजचाच आहे ना?

एक वाट घरातच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणलेल्या पद्धतीत पीओपीची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची. काही दिवसांत ती विरघळते. खाली कॅल्शियम कार्बोनेट उरतं आणि वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. बाप्पा बादलीत विरताना घरातली मुलं बघतात, लपवायला काही उरत नाही. त्या बादलीला मात्र अजून धड टॅगलाइन नाही.

यंदाच्या कुठल्या टीमला हवाय हा प्रोजेक्ट?