पाळणाघराचा मुका ग्राहक

प्रसूतीची २६ आठवड्यांची रजा संपवून आमच्या महाविद्यालयातील एक तरुण प्राध्यापिका गेल्या महिन्यात कामावर रुजू झाल्या. त्यांच्या बाळासाठी पाळणाघर शोधण्याचा विषय साहजिकच प्राध्यापक-कक्षात निघाला आणि ज्यांना ज्यांना अनुभव होता त्यांनी सल्ले दिले. अमुक ठिकाणी खोल्या वातानुकूलित आहेत, तमुक ठिकाणी कॅमेऱ्यातून मूल मोबाइलवर दिसते, तिसऱ्या ठिकाणी अडीच वर्षांची मुले इंग्रजी मुळाक्षरे म्हणतात, अशी बरीच माहिती निघाली. मात्र एका बाईकडे किती मुले असतात, ती बाई तेथे किती वर्षे टिकून आहे आणि तिला महिन्याला काय मिळते, हे तीन प्रश्न तासाभराच्या चर्चेत कोणीही विचारले नाहीत. प्रस्तुत लेखकाने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीला पाळणाघरात ठेवले तेव्हा त्यानेही ते विचारले नव्हते. पाळणाघराचा दर्जा मात्र मुख्यतः याच तीन उत्तरांवर ठरतो.

बाजारात मालाचा दर्जा टिकतो तो ग्राहकाच्या धाकाने. ग्राहक माल पाहतो, वापरतो आणि न पटल्यास दुकान बदलतो. पाळणाघराच्या व्यवहारात ही साखळी दोन ठिकाणी तुटलेली आहे. पैसे देणारे आईबाप दिवसभर तेथे नसतात. आणि जे दिवसभर तेथे असते, त्या मुलाला आपली कहाणी सांगता येत नाही. विकणाऱ्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतील आणि घेणाऱ्याला नसतील, तर चांगला माल हळूहळू बाजारातून हटतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले. चांगुलपणा ओळखू येत नसल्याने त्याची वाजवी किंमत द्यायला कोणी तयार होत नाही, हे त्याचे कारण. जुनी मोटार निदान रस्त्यात बंद पडून आपला दोष सांगते. वेळेवर न बदललेले लंगोट, रडून रडून आलेली झोप, दुपारभर लावून ठेवलेला दूरदर्शन-संच यांची नोंद कोठेच होत नाही. म्हणून पालक जे दिसते त्याची किंमत मोजतात आणि चालक जे दिसते त्यावर खर्च करतात. यात दोघांचाही दुष्ट हेतू असण्याची गरज नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या बाईने केलेल्या अमानुष मारहाणीचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यातून पुष्कळांनी घेतलेला धडा एवढाच, की पाळणाघरात कॅमेरा हवा. पण खारघरच्या त्या खोलीत कॅमेरा होताच! त्याने साक्षीदाराचे काम केले, राखणदाराचे केले नाही. कॅमेरा नको असे येथे म्हणावयाचे नाही. पण दुसरी जबाबदार व्यक्ती नेहमी हजर असणे, कोणाही प्रौढाने मुलाबरोबर बंद दाराआड एकटे न राहणे, कामावर घेण्यापूर्वी पूर्वचारित्र्याची चौकशी होणे आणि पालकांना पूर्वसूचनेशिवाय केव्हाही आत येण्याची मुभा असणे, या साध्या दक्षतेची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरवली, असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली बंधनकारक केली. मात्र ही सक्ती स्त्रियांच्या संख्येवर आधारलेली असल्याने स्त्रियांना कामावरच कमी घ्यावे, असा मोह कारखानदाराला पडण्यास वाव होता. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. येथे मोजणीत पुरुषही आले, ही सुधारणा खरीच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ५० हा आकडा ठेवला आहे. परंतु या देशातील बहुसंख्य श्रमजीवी स्त्रिया अशा आस्थापनांत नाहीत. त्या घरकाम करतात, भाजी विकतात, लहान दुकानांत व कारखान्यांत राबतात. त्यांची मुले, आणि मध्यमवर्गातील कितीतरी मुलेही, कोणाच्या तरी तळमजल्याच्या दोन खोल्यांत दिवस काढतात. या तरतुदी नोकरी देणाऱ्याला बांधतात. त्या दोन खोल्यांचा उंबरठा त्या ओलांडत नाहीत.

आता त्या तिसऱ्या, अवघड प्रश्नाकडे वळू. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ साली सेविकेला महिना ३,००० आणि मदतनिसाला १,५०० रुपये मानधन ठरले होते. पाळणाघर २५ मुलांचे, दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला २६ दिवस चालावयाचे. म्हणजे महिन्याचे १९५ तास. भागाकार केला तर एका मुलामागे महिना १८० रुपये, तासाला एक रुपयाही नाही! २०२२ पासून ही योजना ‘पालना’ या नावाने, अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड देत चालविली जात आहे. आकडे सुधारले, पण ‘मानधन’ हा शब्द काही सुटला नाही. खाजगी पाळणाघरांतही हिशेब फारसा वेगळा नसतो. फी ठराविक, जागेचे भाडे चढते. तेव्हा काटकसर होते ती बाईच्या पगारात आणि बायांच्या संख्येत. एका बाईने पाचांऐवजी पंधरा बाळे सांभाळली, तर तिची उत्पादकता तिप्पट झाली असे ताळेबंद म्हणेल. बाळाच्या बाजूने पाहिले तर त्याच्या वाट्याची बाई एक-तृतीयांश उरली. कमी पगारावर राबणारी, थकलेली बाई चार पैसे जास्त मिळताच दुसरे काम धरते आणि मूल पुन्हा एका अनोळखी मांडीवर जाते.

शिक्षणाचे म्हणाल, तर त्याचाही उगम याच मांडीवर आहे. तीन वर्षांच्या आतील मूल शिकते ते कोणीतरी त्याच्याशी बोलते म्हणून, त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर देते म्हणून. महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत महागडी साधने नव्हती. शंखशिंपले, बिया आणि खडे होते. बालवाडी मुलांच्या अंगणात गेली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरली. तेथे महाग होती ती एकच गोष्ट : मुलांना समजून घेणारी, त्यासाठी तयार केलेली शिक्षिका. आपण आज नेमकी तीच स्वस्तात स्वस्त मिळवू पाहतो आणि भिंतीवरील चित्रांवर पैसे खर्चतो.

तेव्हा करावे काय? लहान-मोठ्या प्रत्येक पाळणाघराची नोंदणी सक्तीची असावी. वयानुसार एका बाईकडे जास्तीत जास्त किती मुले, हे ठरवून ती संख्या दारावर लिहिलेली असावी. सांभाळणाऱ्या बाईला प्रशिक्षण आणि किमान वेतन मिळावे. तपासणी न कळवता व्हावी आणि तिचा अहवाल पालकांना वाचता यावा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आल्यास पोलिसांना कळविणे २०१२ च्या बाल-संरक्षण कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि ‘१०९८’ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. या दोन्ही गोष्टी प्रत्येक पाळणाघरातील बाईला ठाऊक असाव्यात. संस्थेच्या नावाला बट्टा लागेल या भीतीने गप्प बसणे हा विवेक नव्हे, गुन्हा आहे.

यावर हमखास आक्षेप येईल, की एवढे नियम लादले तर फी वाढेल आणि गरीब आईला पाळणाघर परवडणार नाही. आक्षेप खोटा नाही. दर्जा वाढला की खर्च वाढणारच. प्रश्न तो कोणी सोसावा एवढाच आहे. प्राथमिक शाळेचा खर्च केवळ आईबापांनी सोसावा, असे आपण म्हणत नाही; कारण शिकलेल्या मुलाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. मग सहा वर्षांच्या मुलाला लागू असलेला हा न्याय दोन वर्षांच्या मुलाला का नाकारावा? आज हा खर्च होत नाही असेही नाही. नोकरी सोडणारी आई तो सोसते, धाकट्याला सांभाळण्यासाठी शाळा बुडविणारी थोरली बहीण सोसते, तुटपुंज्या पगारावरची ती बाई सोसते. त्यांच्या खात्याची बेरीज कोणत्याही अंदाजपत्रकात मांडली जात नाही, म्हणूनच तो फुकट वाटतो.

आमच्या त्या सहकारी प्राध्यापिकेला मी नंतर ते तीन प्रश्न लिहून दिले. दोन पाळणाघरांत त्यांना उत्तरे मिळाली नाहीत. तिसऱ्या ठिकाणी चालक बाईंनी त्यांना बसवून घेतले आणि इतक्या वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच, असे सांगितले. बाळ आता तेथे आहे. परंतु प्रत्येक मुलाचे नशीब त्याच्या आईला सुचणाऱ्या प्रश्नांवर अवलंबून ठेवणे बरे नव्हे. हे प्रश्न विचारणे शासनाचे काम आहे, आणि शासनाला ते विचारावयास लावणे आपले.